नकाशावर टाकलेलं टिंब

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सख्ख्या बहिणीला मी पंधरा वर्षांत समजावून सांगू शकले नाही. लग्नाकार्यात ती माझी ओळख "ही पाखरांच्या खात्यात असते" अशी करून द्यायची. समोरची बाई विचारायची, "सरकारी का?" मी नाही म्हणायचे आणि विषय जेवणाकडे वळायचा.

निवृत्त होऊन आता वर्ष झालं. तर एकदा नीट सांगून बघते.

वर्ध्यातल्या एका लहानशा संस्थेत मी प्रशिक्षक होते. कागदोपत्री कामाचं नाव भारदस्त होतं, 'जैवविविधतेची खुली माहिती प्रकाशित व प्रसारित करण्याचे प्रशिक्षण'. साधा अर्थ असा, की तुमच्या बांधावर सकाळी एक पक्षी बसलेला दिसला. तुम्ही तो पाहिला, घरी येऊन सांगितला, दुसऱ्या दिवशी विसरलात. मी म्हणायचे, विसरू नका, लिहा. काय पाहिलं, कुठं, कोणत्या तारखेला आणि कोणी. मग ते संगणकावरच्या तक्त्यात भरा. एका ओळीत एकच नोंद, एका रकान्यात एकच गोष्ट. गावठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहा, कारण आपल्याकडचं नाव पलीकडच्या तालुक्यात बदलतं. जागेचे अक्षांश-रेखांश टाका. शेवटी एका चौकोनात खूण करा, की ही माहिती कोणीही वापरावी, फक्त माझं नाव सांगावं. एवढं झालं की तुमची ओळ एका खुल्या संकेतस्थळावर जाते, आणि बांधावरचा तो पक्षी परदेशातल्या अभ्यासकालाही दिसतो, शेजारच्या गावच्या मास्तरालाही. "कपाटात ठेवलेल्या माहितीचा उपयोग फक्त वाळवीला," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता कोणी दुसऱ्यानं म्हटलं तर अंगावर काटा येतो.

काम दमवणारं होतं. डोकं दमत नाही त्यात, पाय आणि घसा दमतात. ग्रामपंचायतीचं सभागृह उघडायचं तर किल्ली शिपायाकडे, शिपाई शेतात. पडदा म्हणून भिंतीवर चादर ठोकायची. वीज असेल तर नेट नाही, नेट असेल तर ते फक्त गच्चीवर, म्हणून वीस माणसं मोबाईल वर धरून गच्चीवर उभी. तिकडे चहा गार होतो. आणि प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, याचं सर्टिफिकेट भेटते ना?"

गिऱ्हाईकंही एकेक असत. तळेगावला, म्हणजे आपल्या श्यामजी पंतांच्या तळेगावला, एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. महिनाभरानं त्यांनी पाठवलेला तक्ता पाहून मी खुर्चीत सरळ बसले. एवढ्या नोंदी तर आमच्या अख्ख्या तालुक्यातून आल्या नव्हत्या. वाचता वाचता लक्षात आलं, की पक्षी त्यांना अगदी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे दिसले आहेत. आधी सगळी बदकं, मग सगळे बगळे, मग सगळे गरुड. समुद्रकाठचे कुरवसुद्धा तळेगावच्या बाजारामागे उतरलेले. मी फोन केला. सर बिलकुल गडबडले नाहीत. म्हणाले, "हे सगळे आपल्याकडं असायला पाहिजेत की नाही?" मी म्हटलं, "असायला पाहिजेत, सर. पण तुम्ही पाहिले का?" ते म्हणाले, "बारा पाहिले." त्या बारा नोंदी मी चढवल्या, बाकीच्या खोडल्या. पुढं त्यांच्यासारखा काटेकोर नोंदकर्ता मला भेटला नाही. एखादा कोतवाल पक्षी जरी लांबून दिसला तरी "खात्री नाही" असं लाल शाईत लिहायचे.

पवनारच्या मंदाबाई धाम नदीच्या काठी भाजीपाला करतात आणि बसनं वर्ध्याच्या बाजारात आणून विकतात. त्यांना रानभाज्यांच्या नोंदी करायला शिकवलं, तर तारखेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पोळ्याच्या आठ दिवस आधी'. मी समजावलं, की संगणकाला पोळा कळत नाही. त्या म्हणाल्या, "मंग संगनकाले भाजी बी नाई कयनार. ते पोळ्याच्याच अंगानं निंगते, तारखेच्या नाई." मी कॅलेंडर काढून तारीख लिहिली खरी, पण शेरा म्हणून पोळाही लिहून ठेवला. अशा दोन-तीन गोष्टींचा मला अभिमान आहे. बाकी पंधरा वर्षांत पुष्कळ काही केलं, ते अहवालात आहे.

पण मला सांगायचं आहे ते रोहण्याच्या वामनरावांबद्दल.

आर्वी तालुक्यात रोहण्याला आम्ही दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पावसाळा ओसरत आला होता, कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झालेली. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत एक सत्तरीकडे झुकलेले शेतकरी येऊन बसले. टोपी मांडीवर, हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. कोणी बोलावलं होतं असं वाटत नव्हतं. चहाच्या वेळी मी विचारलं, "वहीत काय आहे?"

"काई नाई. पाखरं हाय."

वही उघडली तर तारीखवार नोंदी. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. कोणतं पाखरू कोणत्या झाडावर, घरट्यात किती अंडी, पिलं कधी उडाली. जिथं नाव माहीत नाही तिथं चोच आणि पायांचं चित्र. मी पानं उलटत राहिले आणि माझा चहा तसाच राहिला.

"अशा किती वह्या आहेत?"

"अकरा अस्तीन."

"कोणाला दाखवल्या?"

"कोनाले दाखवू? सारे म्हनतात, हा बुढा वावरात काम सोडून आभायाकडं पायत राह्यते."

आमच्या कामात असा माणूस आयुष्यात एकदा भेटतो. मी त्या दिवशी त्यांना सोडलंच नाही. दुपारी संगणकापाशी बसवलं आणि पहिली नोंद करायला लावली. त्यांनी मुंगूस निवडलं, कारण ते सकाळीच येताना आडवं गेलं होतं. अक्षांश-रेखांश त्यांनी स्वतः भरले आणि नकाशा उघडला, तर टिंब उत्तर ध्रुवाजवळच्या एका बर्फाळ बेटावर. अक्षांशाच्या जागी रेखांश गेला होता. आपल्या जिल्ह्याचे आकडे उलटे टाकले की नेमकं तिथंच जाऊन पोचतो. वर्षाला दहा-बारा प्राणी तरी आम्ही असे बर्फात पाठवायचो. सगळे हसले. वामनराव चादरीवरच्या त्या पांढऱ्या नकाशाकडे टक लावून म्हणाले, "माहं मुंगूस थंडीनं मरंल ना, बापा. आना त्याले वापस." आकडे अदलाबदल केले आणि मुंगूस रोहण्याला परत आलं. त्या हसण्यानं ते मोकळे झाले असावेत.

दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन गेले. मोबाईलमध्ये एक फोटो दाखवला. नाल्याच्या दरडीतल्या कपारीत बसलेलं मोठं घुबड, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, नारिंगी डोळे रोखून थेट आपल्याकडे बघणारं. शृंगी घुबड म्हणतात त्याला.

"जोडी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "थंडी लागली का तिथंच अंडे देते. तीस वर्सं झाले, मी पाहून राह्यलो. हे जोडी त्याच घरची असंल, लेकीबाळी."

नोंद करायला ते तयार झाले. जागेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'रोहणा शिवार'.

इथं माझी चूक सुरू होते. ती मी जशी झाली तशी सांगते.

मी म्हटलं, "वामनराव, शिवार केवढं मोठं असतं! अशी नोंद अभ्यासकाच्या काय कामाची? नेमकी जागा टाका."

"नेमकी टाकाच लागते?"

"लागते."

मग त्यांनी बोटानं नकाशा सरकवत सरकवत नाला शोधला, नाल्याचं वळण शोधलं आणि टिंब ठेवलं. मी चौकोनातली खूण करून दिली. खुली माहिती.

आता व्यवसायातली एक गोष्ट सांगायला हवी. सगळीच माहिती सगळी उघडी ठेवायची नसते, हे आमच्या शास्त्रात लिहिलेलं आहे. ज्या जिवाची शिकार होते, चोरी होते, ज्याच्या घरट्याभोवती कॅमेरेवाल्यांची गर्दी होते, त्याची जागा मुद्दाम पुसट करून द्यायची. गाव सांगायचं, नाला सांगायचा नाही. संकेतस्थळावर तशी सोय असते. काही जिवांसाठी ती आपोआप लागते, काहींसाठी आपण लावावी लागते. मला हे ठाऊक होतं. माझ्या सादरीकरणात त्याचं एक पान होतं, शेवटून दुसरं. पण शेवट नेहमी कापला जातो. त्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायला पाहुणे वेळेआधीच आले, त्यांना पुढं दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. मी शेवटची चार पानं भराभर पुढं ढकलली आणि म्हटलं, "बाकी तुम्हाला दिलेल्या पुस्तिकेत आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मला ती नोंद दाखवायची होती. बारा वर्षं चिमण्या-कावळ्यांचे तक्ते भरून घेतल्यावर असं काही हाती लागलं होतं. वर्ध्याला आमची जिल्ह्याची कार्यशाळा झाली, तिथं मी तो फोटो भिंतभर मोठा करून लावला, नकाशासकट. 'एका शेतकऱ्याची तीस वर्षं' असं वर लिहिलं. टाळ्या पडल्या. लोकांनी मोबाईल काढून पडद्याचे फोटो घेतले. वामनरावांना स्टेजवर बोलावलं, शाल दिली. त्यांनी शाल घडी करून काखेत धरली आणि मला म्हणाले, "ताई, गंज लोक हाय व इथं." गंज म्हणजे पुष्कळ. त्या वाक्यात काही वेगळं होतं का, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. तेव्हा मला ते कौतुक वाटलं. त्याच दिवशी त्यांनी मला एक वही दिली, बाकीच्या हळूहळू देतो म्हणाले. मला ताई म्हणायलाही त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी फराळाची चकली तळत होते.

"ताई, येता का?"

"काय झालं?"

"या."

मी आर्वीची बस धरली, पुढं ऑटो केला. वामनराव फाट्यावर उभेच होते. आम्ही वावरातून नाल्याकडे चालत गेलो. कापूस फुटायला लागला होता. दरडीजवळ कडूनिंबाखाली एक शेळ्या चारणारी बाई बसली होती, सिंधूबाई. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली.

दरडीखाली पिसं पडली होती. तपकिरी, काळ्या रेघांची, हाताएवढी लांब दोन आणि बाकी बारकी. कपारीच्या तोंडाशी नायलॉनच्या जाळीचा फाटका तुकडा काट्याला अडकला होता. मातीत बुटांचे ठसे.

दिवाळीच्या सुमाराला घुबडाला गिऱ्हाईक असतं. लक्ष्मीचं वाहन, गुप्तधन, काय काय कल्पना असतात, आणि त्यापायी ते बिचारं मारलं जातं. कायद्यानं गुन्हा आहे. हे मी पुस्तिकेत लिहिलं होतं.

"कोणी पाहिलं का?" मी विचारलं.

सिंधूबाई पुढं आली. "म्या पाह्यलं, मॅडम. परवा दोघं जन आल्ते मोटरसायकलवर. मले मोबाईल दाखवला. म्हने, मावशी, हे जागा कुठी हाय? त्याच्यात नकाशा होता, त्याच्यावर लाल टिंब होतं. मले वाटलं, सरकारी मोजनीवाले हाय. मी म्हनलं, हे त आपल्याच निंबाच्या मांगची दरड. मीच रस्ता सांगतला व माय. मले काय मालूम?" आणि ती पदरानं तोंड पुसत राहिली.

मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. ते खरंच होतं. तिला फक्त वाट विचारली होती. टिंब मी टाकायला लावलं होतं.

वनखात्याकडे तक्रार दिली. त्यांची माणसं आली, पंचनामा झाला, पिसं आणि जाळी घेऊन गेली. चौकशी झाली. हाती काही लागलं नाही. माहिती खुली असली की ती कोणी उतरवून घेतली हे कळत नाही. हजार चांगली माणसं घेतात, दोन वाईट घेतात आणि नाव कोणाचंच राहत नाही.

त्या दिवशी नाल्यावरून आम्ही वामनरावांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कमलबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी खाटेवर बसले आणि म्हटलं, "वामनराव, हे माझ्यामुळं झालं."

त्यांनी नाही म्हटलं नाही. ते हो पण म्हणाले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तीस वर्सं मले ठाव होतं. मी कोनाले सांगतलं नवतं. घरात बी नाई."

"मले बी नवतं सांगतलं," आतून कमलबाई म्हणाल्या. "मी म्हनायची, रोज त्या नाल्यावर कायले जाता."

"तुमाले सांगतलं," वामनराव मला म्हणाले.

मी चहा प्यायले.

"ते टिंब आता काहाडता येते का?"

"काढलं मी. मघाशीच, नाल्यावरून येताना मोबाईलवर." आणि मग खरं सांगावं लागलं. "पण ज्यांनी आधी उतरवून घेतलं त्यांच्याकडं ते राहणार. ते परत आणता येत नाही."

"मंग हे आदी सांगाले पाह्यजे होतं, ताई."

"हो."

"काऊन नाई सांगतलं?"

पाहुण्यांना घाई होती, असं त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. तरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जसं एखाद्या पोरकट कारणाला हलवावी तशी. मग म्हणाले, "राह्यलेलं एकटंच बोलून राह्यलं. संध्याकाय झाली का निंबावर येते, हाक देते. मंग थांबते. उत्तर नाई भेटत, मंग पुना देते."

निघताना त्यांनी वही मागितली. मी पिशवीत आणलीच होती. ती दोन्ही हातांनी दिली, त्यांनी घेतली. फाट्यापर्यंत सोडायला ते आले नाहीत, सिंधूबाई आली.

पुढची तीन वर्षं मी नोकरी केली. फक्त एक गोष्ट बदलली. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी पहिला तास 'काय सांगायचं नाही' याचा. घुबडाची गोष्ट सांगायची, गावाचं नाव न घेता. आमच्या बैठकीत यावर नाराजी झाली. आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "लोकांना आधी उत्साह द्यायचा असतो, भीती नाही. नोंदी कमी होताहेत तुमच्याकडून." कमी होतच होत्या. लोक विचार करू लागले होते. मुंग्यांच्या वारुळाची जागा उघडी ठेवू का, मोहाच्या झाडाची ठेवू का, असे फोन यायचे. प्रत्येकाला उत्तर देता देता जीव नकोसा व्हायचा. तळेगावचे मुख्याध्यापक तर एकदा अर्धा तास फोनवर होते, त्यांच्या शाळेच्या वळचणीतल्या वटवाघळांबद्दल. शेवटी म्हणाले, "खात्री नाही, म्हणून नाही टाकत." मला बरं वाटलं.

रोहण्याला मी पुन्हा प्रशिक्षण घेतलं नाही. बोलावणं आलं होतं. दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवलं. त्याला म्हटलं, मागच्या रांगेत कोणी निळ्या वहीवाले आजोबा असले तर सांग. त्यानं येऊन सांगितलं, नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी संस्थेनं माझ्या नावावर किती नोंदी झाल्या तो आकडा वाचून दाखवला. मोठा होता. हार घातला. मी त्या आकड्यात एक कमी करून घरी आले.

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. वामनराव उभे होते. खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. खूप बारीक झालेले दिसले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणाले. पत्ता संस्थेतून घेतला होता.

मी त्यांना बसवलं. घरात चिवडा होता, तो दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, कुटुंबाची, पावसाची चौकशी झाली. मग त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या आणि टेबलावर एकावर एक ठेवल्या. अकरा.

"आता कशाला आणल्या?" मी विचारलं.

"गावाच्या अंगाले माळ होता ना, तुमी नाई पाह्यला. त्याच्यावर धाविक पाखरं राह्यत. पयत राह्यत नुसते, उडाचा त्याईले आळस. आता सारा नांगरून टाकला. होऊ दे, ज्याचं वावर त्याचा हक. पर परवा शाळेत एक साहेब आल्ते, पोट्ट्याईले सांगून राह्यले, का या माळावर पयले बी काईच नवतं, पडीकच होता." त्यांनी वह्यांची थप्पी हातानं सारखी केली. "मले राग आला. बोललो नाई. पर माह्या वहीत हाय ना, काय होतं ते. वही माह्या घरी, आन मी असा. दुसराबी डोया जाऊन राह्यला. माह्यामागं हे रद्दीत जाईन."

मी सर्वांत वरची वही उघडली. तीच बारीक पेन्सिल. चाळता चाळता मधली काही पानं एकमेकांना चिकटल्यासारखी लागली. नीट पाहिलं तर ती शिवलेली होती. कापसाच्या पोत्याला घालतात तसे दाभणाचे मोठे टाके, पांढऱ्या सुतळीचे, तिन्ही कडांनी. दुसरी वही पाहिली, तिच्यातही. अकराही वह्यांत.

"ते घुबडाईचे पानं हाय," वामनराव म्हणाले. "आन एक-दोन दुसरे. तेवढे सोडून बाकी सारं टाका तुमच्या कंपूटरवर. तारीखवार टाकजा."

"शिवलेली कधी उघडायची?"

"मी हाय तवर नाई."

"आणि नंतर?"

"नंतर तुमी पायजा. तवा तिथं काई राह्यलं नसंल त कंपूटरवर टाकून द्या, लोकाईले कळू द्या का होतं. राह्यलं असंल त राहू द्या तसंच."

म्हणजे तिथं अजून काही आहे का, हे मला विचारावंसं वाटलं. जिभेवर आलं. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी म्हटलं, "वामनराव, मीही साठीला आले. हे एवढं मोठं काम माझ्यावर टाकता, माझ्यामागं कोण बघणार?"

ते रिकाम्या पिशवीची घडी घालत होते. घडी काखेत धरून उठले.

"एखाद्याले शिकवजा," ते म्हणाले. "शिकवनं येते ना तुमाले. पर या टायमाले घाई नोका करू."

त्यांना आर्वीची बस गाठायची होती. मी फाटकापर्यंत गेले.

सध्या चौथी वही चालू आहे. पेन्सिल फिकट झाली आहे, माझ्याही डोळ्यांना त्रास होतो. दर नोंदीला जागा पुसट करून घेते, शास्त्रीय नाव दोनदा तपासते, खात्री नसेल तिथं त्यांना फोन करते. दिवसाला दोन पानं होतात. त्याहून जास्त करत नाही.